टोपीवरचा आकडा

शेजारच्या आजींनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मागे लिहून ठेव गं. मी गेल्यावर नातवंडांना कळायला नको का, हा कोण ते." फोटो पत्त्याच्या पानाहून जरासा लांब, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. मी तो उलटा केला, खाली वर्तमानपत्राची घडी घेतली आणि हलक्या हाताने लिहिलं : 'सैनिक, 86 वी पायदळ पलटण. फोटो 1860 ते 1868 मधला.' त्यापुढे एक शब्द लिहायचा होता. पेन्सिलीचं टोक टेकवलंही होतं. मग उचललं, "झालं" म्हटलं आणि गार होत आलेला चहा संपवला. घरी येऊन भांडी घासताना, झोपताना, दुसऱ्या दिवशी बसमध्ये, तो न लिहिलेला शब्द माझ्याबरोबर होता.

त्या पुठ्ठ्यावर माझ्या पेन्सिलीचा ठिपका राहिला.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या या गावात येऊन मला चौदा वर्षं झाली. इथे रविवारी सकाळी एका मैदानावर लोक गाड्यांच्या डिक्या उघडून जुनं सामान विकायला बसतात. पहिल्या हिवाळ्यात करमत नव्हतं म्हणून मी तिकडे जाऊ लागले. कपबश्या, हातोड्या, लोकरीचे गुंडे यांच्या मध्ये बुटांच्या खोक्यात व्हिक्टोरिया राणीच्या काळातले फोटो असायचे. कुठलाही घ्या, एक पाउंड. मला त्या खोक्यांची आधी भीतीच वाटली. आमच्या घरी पणजोबांचा एकच फोटो होता. दसऱ्याला त्याची काच पुसायची, हार घालायचा, आणि घरातलं शेंबडं पोरही सांगायचं की हे कोण. इथे शेकडो माणसं खोक्यात उभी होती, चांगले कपडे घालून, केस चापूनचोपून, आणि कोणाचंच नाव कोणाला ठाऊक नव्हतं. एक-दोन घरी आणले, मग दहा-बारा. बायकांचे, बाळांचे फोटो बघून नुसतं वाईट वाटायचं. गणवेशातल्या माणसांपाशी मात्र मी रेंगाळू लागले, कारण त्यांच्या अंगावर काहीतरी वाचता येण्यासारखं होतं. नाव नसलं तरी कॉलर होती, बाही होती, गुंड्या होत्या.

वाचायला लागल्यावर पहिली गोष्ट कळली ती रंगाची. इंग्रजी शिपायाचा कोट लालभडक हे आपल्याला लहानपणापासून माहीत, पण या फोटोंत तो काळाकुट्ट दिसतो. 1851 पासून काचेवर कलोडियनचा ओला थर देऊन फोटो काढायची रीत आली. त्या थराला निळा प्रकाश चटकन कळायचा, लाल जवळजवळ दिसायचाच नाही. म्हणून लाल काळा पडतो, पिवळाही काळवंडतो, आणि आकाशी निळा पांढराफटक होतो. हे समजलं त्या रात्री मला एकदम आपल्याकडच्या जुन्या फोटोंतल्या बायका आठवल्या. त्यांच्या कपाळावरचं कुंकू काळं का दिसायचं, ते मला वयाच्या चाळिशीत, परक्या देशात, परक्या शिपायाच्या कोटावरून कळलं. पणजीचा फोटो पाहिला की मी लहानपणी म्हणायचे, हिने काळं का लावलंय? आजी म्हणायची, फोटोवाल्याने लावलं असेल.

मग बाह्या. 1856 च्या एकेरी गुंड्यांच्या कोटाला मनगटावर कातरलेली उभी पट्टी असायची, तीन गुंड्यांची. 1868 मध्ये ती जाऊन टोकदार कफ आला. 1881 मध्ये पलटणींचे आकडे काढून त्यांना जिल्ह्यांची नावं दिली आणि मनगट साधं गोल झालं. म्हणजे फोटो हातात आला की मी चेहऱ्याआधी मनगट बघते. डोक्यावर टोकदार भाल्यासारखा कळस असलेलं निळं हेल्मेट दिसलं की तो 1878 नंतरचा. कोपराखाली उलट्या व्हीसारखी पट्टी असेल तर ती हुद्द्याची नव्हे, चांगल्या वर्तणुकीची. 1881 पर्यंत ती उजव्या हातावर असायची, नंतर डाव्या. त्या एका पट्टीमागे शिपायाला रोजची एक पेनी जास्त मिळायची. ही पेनीची गोष्ट मला फार लागली. कित्येक शिपाई फोटोला उभे राहताना तो हात मुद्दाम पुढे करतात, कोपर किंचित वळवून, पट्टी नीट दिसेल असा. आईला पाठवायचा असेल फोटो.

चुका खूप झाल्या. 'कॅप्टन' म्हणून मी आणलेला एक रुबाबदार मिशीवाला पोलीस निघाला. डाव्या मनगटावर पट्ट्यापट्ट्यांचा कापडी पट्टा होता, लंडनचा पोलीस कामावर असला की बांधायचा तो. 'लढाईवर निघालेला' म्हणून ज्याच्यासाठी मी हळहळले होते तो स्वयंसेवक होता. 1859 मध्ये फ्रेंच चाल करून येतील अशी हूल उठली तेव्हा गावोगावचे कारकून, दुकानदार, वकील यांनी करड्या रंगाचे गणवेश शिवून घेतले आणि कामं सांभाळून कवायत केली. फ्रेंच आले नाहीत, फोटो मात्र हजारोंनी निघाले. एकदा पातळ लोखंडी पत्र्यावरच्या फोटोतल्या सार्जंटला मी अधिकारी करून टाकलं. पायदळात सार्जंटची किरमिजी पट्टी उजव्या खांद्यावरून यायची, अधिकाऱ्याची डाव्या. पण पत्र्यावरचा फोटो आरशासारखा उलटा असतो, उजवं ते डावं दिसतं. छातीवरचं पदक 'चुकीच्या' बाजूला दिसलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या दिवसापासून मी आधी गुंड्या बघते. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर यायला हवी.

ही विद्या येत गेली तशी एक घमेंडही येत गेली, आणि त्या भरात मी आत्याला दुखावलं.

आमच्या सातारच्या घरी चुलत आजोबांचा फोटो आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आले. गावात आमचं घर 'सुभेदाराचं घर' म्हणूनच ओळखलं जातं. पोस्टमनलाही तेच सांगायचं. एका दिवाळीला आत्याने व्हिडिओ कॉलवर घर दाखवताना फोन त्या फोटोसमोर धरला आणि माझी नजर सवयीने दंडावर गेली. दोन पट्ट्या. मी म्हणाले, "आत्या, हे तर नाईक होते. सुभेदाराच्या खांद्यावर चांदण्या असतात, दंडावर पट्ट्या नसतात." फोन थोडा वेळ तसाच फोटोसमोर राहिला. मग आत्याचा आवाज आला, चेहरा नाहीच : "फोटो काढला त्या दिवशी असतील नाईक. त्या दिवसानंतर माणूस जगला नाही का?" आणि तिने विषय फराळावर नेला. चकल्या यंदा तेलकट झाल्यात म्हणाली. मी इकडे त्या वाक्यापाशीच अडकून राहिले. आत्याचं म्हणणं चूक नव्हतं. गणवेश एका दिवसाचा असतो. सकाळी फोटोवाल्याकडे जाताना अंगावर होता तेवढंच तो सांगतो, आणि मी त्यावरून अख्ख्या माणसाचा हुद्दा ठरवून मोकळी झाले होते. ते पुढे सुभेदार झाले की नाही, हे मी अजून कुठे विचारलेलं नाही.

म्हणून शेजारच्या आजींनी जेव्हा अल्बम काढला तेव्हा मी आधी गप्प बसायचं ठरवलं होतं. पितळी कडीचा, चामड्याचा, प्रत्येक पानाला फोटो सरकवायची खाच असलेला अल्बम. आजींचं वय ऐंशीच्या पुढे, बोटं सांध्यांत वाकलेली, तरी खाचेतून फोटो काढताना इतक्या अलगद की जणू झोपलेल्या बाळाखालून दुपटं काढताहेत. "हा माझ्या आजोबांचा आजोबा," त्या म्हणाल्या. "क्रिमियाच्या लढाईत होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने स्वतःच्या हाताने त्याच्या पायाला पट्टी बांधली होती." हे त्यांनी आईकडून ऐकलं होतं, आईने तिच्या वडिलांकडून. सांगताना त्यांच्या आवाजात शाळेतल्या पाठांतराची लय होती.

मी भिंग लावलं. पुठ्ठ्याचे कोपरे चौकोनी, माणूस डोक्यापासून बुटांपर्यंत उभा, शेजारी खोटा कठडा आणि पडदा. 1860 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही पद्धत. पुढे कोपरे गोल होत गेले आणि चेहरे मोठे. कोट काळा, म्हणजे लाल. मनगटावर तीन गुंड्यांची पट्टी, म्हणजे 1868 च्या आतला. उजव्या हातावर ती एका पेनीची पट्टी. गुंड्यांवर कोणीतरी बारीक कुंचल्याने सोनेरी रंगाचे ठिपके दिले होते, गालांवर पुसट गुलाबी. टाचांच्या मागे लोखंडी बैठक दिसत होती. मान हलू नये म्हणून डोक्याच्या मागे शिकंजा लावायचे, त्याच्या पायांची. डावा हात छोट्या टेबलावर, आणि टेबलावर गोल लोकरी टोपी. टोपीवर पुढच्या बाजूला पितळी आकडा. आठ आणि सहा. मी तीनदा पाहिला, कारण माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते.

छातीवर एकच पदक. त्याच्या फितीवरून क्रिमियाचा निकाल लागला. क्रिमियाची फीत आकाशी, कडा पिवळ्या, म्हणजे फोटोत मधला भाग पांढरा आणि दोन्ही कडा काळपट दिसायला हव्यात. इथे उलट होतं. कडा पांढऱ्या, मध्ये पांढरं, आणि त्यांच्यामध्ये दोन काळ्या रेघा. पांढऱ्या फितीवर दोन लाल पट्टे. 1857-58 च्या हिंदुस्थानातल्या लढाईचं पदक. 'म्युटिनी मेडल' म्हणतात ते इकडे, आपण ज्याला स्वातंत्र्यसमर म्हणतो त्याचं. फितीवर एक आडवी पट्टी होती. तिच्यावरची अक्षरं एवढ्याशा फोटोत वाचता येणं शक्य नव्हतं, पण वाचायची गरजही नव्हती. दिल्ली आणि लखनौच्या पट्ट्या वेगळ्या. 86 वी पलटण सर ह्यू रोजच्या फौजेत होती, आणि त्या फौजेच्या पट्टीवर लिहिलेलं असतं 'सेंट्रल इंडिया'.

मी एवढंच म्हणाले, "हे पदक क्रिमियाचं नाही. हा हिंदुस्थानात होता."

आजींचा चेहरा फुलला. "अय्या, म्हणजे तुझ्या देशात जाऊन आलेला की!" त्यांनी माझा हात धरला. आम्ही दोघी जणू लांबच्या नात्यातल्या निघालो होतो. बिस्किटांचा डबा पुढे सरकवला. आणि मी म्हणू शकले नाही की आजी, हा झाशीला होता.

लहानपणी गॅदरिंगमध्ये मी झाशीची राणी झाले होते. पाठीवर शालीने बाहुली बांधलेली, कंबरेला पुठ्ठ्याची चंदेरी कागद लावलेली तलवार. माझा मावसभाऊ गोरा साहेब. त्याच्यासाठी आईने आपल्या जुन्या लाल परकराचा कोट शिवला होता आणि त्यावर पिवळ्या फितीच्या आडव्या पट्ट्या लावल्या होत्या. परकराला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास होता. मी त्याला तलवार मारली की त्याने पडायचं असं ठरलं होतं, आणि तो पडला तेव्हा सगळं पटांगण टाळ्यांनी भरून गेलं. लाल कोट म्हणजे तो. आज इतक्या वर्षांनी त्या कोटाच्या आतला माणूस माझ्या भिंगाखाली आला, तर त्याचे कान जरा पुढे आलेले होते, डाव्या हाताच्या करंगळीचं नख तुटलेलं होतं, आणि वय अठ्ठावीस-तीसच्या पुढे दिसत नव्हतं.

शिवाय झाशीत तो हा कोट घालून गेलाच नसणार. मध्य हिंदुस्थानातल्या त्या उन्हात लोकरीचा लाल कोट कोण घालील? त्या मोहिमांत बऱ्याच पलटणींनी आपले पांढरे सुती कपडे मातकट रंगात बुडवून घेतले होते. म्हणजे आईने परकराचा शिवलेला कोट आणि या फोटोतला कोट, दोन्ही नंतर चढवलेले. झाशीच्या तटावर चढला तो मळकट सुती कपड्यांतला, घामाने निथळणारा पोरगा होता.

मार्च 1858 च्या उत्तरार्धात वेढा पडला. बेतवेच्या काठी तात्या टोप्यांची कुमक 1 एप्रिलला उधळली गेली, 3 एप्रिलला हल्ला झाला. डावीकडच्या चढाईत 86 वी पलटण होती, आणि तिच्याबरोबर मुंबई फौजेची 25 वी देशी पलटण. मुंबई फौजेच्या पलटणींत कोकणातली, देशावरची माणसं भरलेली असायची, मराठे, महार, सगळेच. यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने पायी उत्तरेत गेलेले वरसईचे गोडसे भटजी त्या दिवसांत शहरातच अडकले होते. मला हे पूर्वी माहीत नव्हतं असं नाही. वाचलेलं होतं सगळं. पण वाचताना मी नेहमी तटाच्या आत असायची, भटजींच्या शेजारी, अंधाऱ्या घरात लपलेली. बाहेरून शिडी लावणाऱ्यांत आपल्या बाजूची गावं असतील हे नजरेआड करत आले. त्या देशी शिपायांनाही हेच पदक मिळालं, तीच फीत, तोच तरुण व्हिक्टोरियाचा मुखवटा. कडेवर माणसाचं आणि पलटणीचं नाव कोरलेलं. त्यांचे फोटो मात्र माझ्या एक पाउंडाच्या खोक्यात कधी आले नाहीत. परत आल्यावर कठड्याशी टेकून फोटो काढायला त्यांना कुठून जमणार होतं?

आणि शहरात दिसेल त्याची कत्तल झाली, ते बिजन. दुसरा शब्द नाही त्याला. या पोराने त्यात काय केलं, काय केलं नाही, ते कुठल्याच कोटावर लिहिलेलं नसतं. मी त्याच्या हाताकडे मात्र पुन्हा पुन्हा बघत राहिले. टेबलावर ठेवलेला हात, तुटक्या नखाचा. तो एवढ्याशा फोटोतही हललेला आहे. बोटांच्या कडा पुसट झाल्यात. डोकं शिकंज्यात होतं, हात मोकळा.

तीन महिन्यांनी आजींच्या नातवाने कागद मिळवले. लंडनमधल्या क्यूला राष्ट्रीय अभिलेखागार आहे. लष्करातून पेन्शनीवर सुटणाऱ्या शिपायांचे दाखले तिथे जपून ठेवलेत, त्यांच्या प्रती आता घरबसल्या मिळतात. आजींनी मला हाक मारली. जेवणाच्या टेबलावर कागद पसरले होते. जन्म आयर्लंडचा. धंदा : मजूर. उंची पाच फूट सहा इंच, डोळे करडे, केस तपकिरी. भरती 1850 सालची, म्हणजे बटाट्याच्या दुष्काळातली. त्या काही वर्षांत आयर्लंडात दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि रोगाने गेली. पोटासाठी कोट चढवला असणार, जसा आमच्याकडच्यांनी चढवला. शेवटी सही. सहीच्या जागी फुली. शाई जराशी फुटलेली, एक पाय लांब, एक आखूड.

मी आजवर शेकडो मनगटं वाचली आणि हा पहिलाच होता ज्याची फुली पाहिली. घशात काहीतरी अडकलं. आजी मात्र त्या फुलीकडे बघत नव्हत्या. त्या भिंग घेऊन वरच्या ओळी वाचत होत्या, ओठ हलवत. क्रिमियाचा शब्द कुठे येतो का ते शोधत होत्या हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तो नव्हताच.

"मग नाइटिंगेल?" त्या म्हणाल्या.

मी काही बोलले नाही. चार पिढ्या सांभाळलेली पट्टी मी एका फितीवरून सोडून टाकली होती. आत्याचा फोन असाच फोटोसमोर थांबला होता.

थोड्या वेळाने त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हे सेंट्रल इंडिया. हे तुला तेव्हाच दिसलं होतं ना? तू लिहिता लिहिता थांबलीस. मी बघत होते." मी मान हलवली. मग सांगितलं. राणीचं सांगितलं, दत्तक मुलाचं, वेढ्याचं, तटाचं. पाठीवरची बाहुली आणि परकराचा लाल कोटही सांगितला, का कोण जाणे. हल्ल्यानंतरचे दिवस सांगताना माझा आवाज बारीक झाला. ते मी थोडक्यात सांगितलं, पण गाळलं नाही. आपली माणसंही त्याच्या शेजारून चढली होती, हेही सांगितलं. आजींनी मध्ये एकदाच विचारलं, "शहरात बायका-मुलं होती?"

"होती."

त्यांनी फोटो उचलला, खिडकीकडे तोंड करून धरला. बाहेर पावसाची भुरभुर होती, उजेड कमीच. त्या बराच वेळ बघत राहिल्या. गुलाबी गाल, सोनेरी गुंड्या, टेबलावरची टोपी. मग तो माझ्यासमोर पालथा ठेवला. माझ्या ओळीपुढे तो ठिपका तसाच होता.

"पेन्सिल कुठे ठेवली मी," असं म्हणत त्या उठल्या आणि ड्रॉवर उघडू लागल्या.